मदत हवी आहे: डच जोडशब्दांत आघात (उच्चारातला जोर) नेमका कुठे द्यायचा?

नमस्कार मंडळी, नेदरलँड्समधल्या आम्स्टलफेनमध्ये राहते, डचची बी-१ (मध्यम पातळी) ची तयारी चालू आहे. व्याकरण जमतंय, पण हे लांबलचक सामासिक शब्द मोठ्याने वाचताना घोडं अडतं.

शिकवणीत सांगितलं की जोडशब्दात जोर पहिल्या पदावर. 'झीकनहाउस'ला (रुग्णालय) 'झी'वर, बरोबर. मग 'स्टाटहाउस'मध्ये (नगरपालिकेची इमारत) तो शेवटच्या 'हाउस'वर का जातो? 'बुरनकोल' या भाजीतही 'कोल'वरच. असे अपवाद ओळखायची काही खूण आहे, की सरळ पाठच करायचे?

दुसरं, शब्द तोडायचा कुठे? 'फाल्काउल' घ्या. 'फाल-काउल' तोडलं तर सापळ्याचा खड्डा, 'फाल्क-आउल' तोडलं तर ससाणा आणि घुबड! स्पेलिंग तेच. आपल्याकडे संधी होते, इथे उलट पदं फटकून राहतात: 'आवोंद' अधिक 'एतन' (रात्रीचं जेवण) लिहिताना 'द', पण उच्चार 'आवोंत-एतन'. म्हणजे पहिलं पद जणू तिथेच संपलं. हे लक्षात आल्यापासून ऐकताना तरी फायदा होतोय.

'फोरकोमन'चं कोडं मात्र सुटलं: जोर 'फोर'वर असेल तर 'घडणे', आणि क्रियापद तुटतं, म्हणजे वाक्यात 'फोर' वेगळं होतं; 'को'वर असेल तर 'टाळणे', तुटत नाही.

मराठीत आघाताने अर्थ सहसा बदलत नाही, त्यामुळे कानच तयार नाही. तुम्ही कान कसा तयार केलात? आघाताची खूण दाखवणारा आणि उच्चार ऐकवणारा एखादा चांगला शब्दकोश किंवा अ‍ॅप वापरला असेल तर नक्की सांगा. फुकट असेल तर उत्तमच.