मदत हवी आहे: तुडतुड्याच्या पायातल्या गिअरचं मॉडेल, दाते निसटतायत

नमस्कार मंडळी,

मी गिअर कटिंगच्या कामात आहे, किड्यांचा अभ्यास वगैरे काही नाही. पण युरोपातल्या इसस नावाच्या तुडतुड्याच्या पिल्लाला मागच्या पायांत खरेखुरे गिअर असतात हे वाचलं तेव्हापासून ते डोक्यातून जातच नाहीये. २०१३ साली केंब्रिजच्या माल्कम बरोज आणि ग्रेगरी सटन यांनी 'सायन्स' या नियतकालिकात मांडलंय. पोटाखाली जिथे दोन्ही पायांची मुळं एकमेकांना भिडतात तिथे प्रत्येकी १०-१२ दात्यांची वाकडी पट्टी, लांबी साधारण ४०० मायक्रॉन, म्हणजे अर्धा मिलिमीटरसुद्धा नाही!

मी २०० पट मोठं मॉडेल करतोय. पट्टी आली ८ सेंटीमीटर, ११ दाते घेतले तर मॉड्यूल (दात्याच्या आकाराचं माप) सव्वादोन-अडीचच्या दरम्यान बसतं, ६ मिमी अ‍ॅक्रिलिकमध्ये नेहमीसारखे इन्व्होल्यूट (दोन्ही बाजूंनी सारख्या वक्राचे) दाते कापले, दोन्ही पायांना सारखे रबर बँड लावले, पाय मागे ओढून दाते अडकवले आणि खटका सोडला. मोबाइलवर स्लो मोशनमध्ये बघतो तर एक पाय आधी सुटतो, दुसरा एक दाता उडी मारून मागे राहतो, आणि तिसऱ्या वेळेला एक दाता बुडापासून तुटला. चूक नक्की कुठे होतेय? आणि दुसरं, मोठं झाल्यावर हे गिअर जातात म्हणे, इतकी छान गोष्ट टाकून का देतो हा किडा?

उत्तर

दाते बुडाशी काटकोनात कापलेत का? पिल्लाच्या दात्याला बुडाशी गोलाई असते, आपणही तुटू नये म्हणून तिथे त्रिज्या देतोच, ती द्या. आपले गिअर दोन्हीकडे फिरायचे असतात म्हणून दाता दोन्ही बाजूंनी सारखा, पण त्याचे दाते एका अंगाला झुकलेले असतात कारण खरा जोर एकाच दिशेला, उडी मारताना.

निसटण्याचं कारण मला वेगळं वाटतं, पाय ज्यांवर फिरतात त्या तुमच्या दोन पिना जोर आला की एकमेकींपासून लांब सरकत असणार. त्या वरून पट्टीने बांधा. आणि एका बाजूचा रबर बँड काढून बघा. मेलेल्या किड्यात एकाच पायाचा स्नायू ओढला तरी दुसरा पाय बरोबर हलला होता, मॉडेलची खरी परीक्षा तीच.

हे सगळं कशासाठी तर त्याचे पाय टोळासारखे अंगाच्या दोन बाजूंना नसतात, पोटाखाली एकाच पातळीत फिरतात, त्यामुळे एक जरा आधी सुटला की किडा हवेत गरगरणार. उडीचा झटका साधारण २ मिलिसेकंदांत संपतो आणि दोन पायांतला फरक ३० मायक्रोसेकंदांच्या आत राहतो. मज्जातंतूचा एक संदेशच साधारण मिलिसेकंदभर चालतो, तो इतकं बारीक कसं जुळवणार, म्हणून दाते.

मोठेपणाचं म्हणाल तर संशोधकांचा अंदाज असा की पिल्लू कात टाकतं तेव्हा तुटका दाता नवा मिळतो, शेवटची कात टाकल्यावर ती सोय संपते. आणि एक दाता गेला की पुढचं सगळं बिघडतं. मोठा किडा पायांची मुळं नुसती एकमेकांवर घासून, घर्षणावरच पाय जुळवतो.

पुन्हा मीच

खूप धन्यवाद! पिनाच सरकत होत्या, वरून पितळी पट्टी टाकली. दाते परत कापले, बुडाशी १ मिमी त्रिज्या दिली, झुकाव अजून दिलेला नाही. एकाच रबर बँडवर दोन्ही पाय एकदम सुटले, सलग आठ वेळा, एकही दाता गेला नाही. मी हे बघत किती वेळ बसलो होतो सांगता येणार नाही.

आता शेजारी मोठ्या किड्याचं बिनदात्याचं मॉडेल ठेवायचंय. अ‍ॅक्रिलिक एकमेकांवर नुसतं घसरतं, त्यावर काय चिकटवू? रबर शीट, की पॉलिश पेपर? कुणी केलं असेल तर सांगा.