बरी झाल्यावरही अधूनमधून उफाळणारी ओढ: घरी सांगावे का?

ऐरोलीकर
सविनय नमस्कार. महाविद्यालयात असताना आणि त्यानंतरही काही वर्षे मी स्वतःला इजा करून घेत असे. ठाण्यातील एका समुपदेशक बाईंकडे दीर्घकाळ उपचार घेतल्यावर ते थांबले, आणि त्यालाही आता बराच काळ लोटला आहे. नोकरी आहे, संसार आहे. एरवी मला त्या दिवसांची आठवणही होत नाही. मात्र नणंदेच्या लग्नात मेंदी काढणाऱ्या मुलीने माझा हात उजेडाकडे वळवला, तेव्हा तिच्या हातातला कोन क्षणभर थांबला आणि मग काही न बोलता ती त्या व्रणांवरून वेलबुट्टी काढत पुढे गेली. शेजारी बसलेल्या सासूबाईंनी मात्र "हे कशाचे गं?" असे विचारलेच. मी विषय बदलला. त्या रात्री जुनी ओढ इतक्या जोराने आली की मीच घाबरले. केले काही नाही. पण तेव्हापासून कचेरीत अप्रेझलचा विषय निघाला किंवा घरात शब्दाने शब्द वाढला की ती पुन्हा डोके वर काढते. माझ्या पतींना पूर्वीचे सर्व ठाऊक आहे, परंतु ते प्रकरण कायमचे मिटले असे ते धरून चालतात. इतक्या वर्षांनी ओढ वाटते, म्हणजे मी बरी झालेच नाही का? आणि हे त्यांना सांगावे का?

कळव्याचा रहिवासी
मीही याच वाटेने आलो आहे, म्हणून लिहितो. माझी ओढ पूर्णपणे गेलेली नाही. तिचे येणे विरळ झाले आहे आणि ती आली तरी माझे काम अडत नाही, आणि मी यालाच बरे होणे म्हणतो. दिवस मोजण्याची पद्धत मी सोडून दिली, कारण एखादा दिवस चुकला की आकडा शून्यावर येतो आणि मधली सगळी मेहनत वाया गेल्यासारखी वाटते, जे मुळीच खरे नसते. त्याऐवजी ओढ कोणत्या वेळी येते याकडे लक्ष दिले. माझ्या बाबतीत उत्तर अगदीच साधे निघाले: रात्रपाळीनंतरची अपुरी झोप, रिकामे पोट आणि घरात एकटा असणे. या तिन्ही गोष्टी जुळल्या की मी खोलीत थांबत नाही. ठाणे स्थानकावर उतरून थेट घरी न जाता तलावपाळीला दोन फेऱ्या मारतो आणि भावाला फोन लावतो. भावाशी बहुधा क्रिकेटवरच बोलणे होते. पण माझा फोन त्या वेळी का आला, हे त्याला न सांगता कळते, कारण तेवढे आमचे आधीच ठरलेले आहे.

मानसशास्त्रज्ञ, नौपाडा
आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर स्पष्टपणे 'नाही' असे आहे. स्वतःला इजा केल्याने असह्य ताण काही काळ उतरतो, आणि या तात्पुरत्या सुटकेमुळेच ती सवय मेंदूत पक्की होते. उपचारांनी ही जुनी शिकवण पुसली जात नाही, तर तिच्यावर नवी शिकवण चढते. म्हणून तीव्र ताण आला, विशेषतः शरमेचा प्रसंग ओढवला, की जुनी वाट पुन्हा समोर येऊ शकते. मेंदीच्या वेळी नेमके तेच घडले. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ मार्शा लिनेहान यांनी अशाच रुग्णांसाठी 'डायलेक्टिकल बिहेवियर थेरपी' विकसित केली, आणि तरुणपणी आपण स्वतःही यातून गेलो होतो हे त्यांनी २०११ मध्ये जाहीरपणे सांगितले. त्या उपचारपद्धतीत ओढीशी झुंजण्यापेक्षा तिच्यासोबत टिकून राहण्याचे कौशल्य शिकवतात. ओढ लाटेसारखी चढते आणि तिला खतपाणी घातले नाही तर बहुधा आपोआप ओसरू लागते. त्या अवधीत चेहऱ्यावर थंड पाणी घेणे, श्वास सोडण्याचा वेळ घेण्यापेक्षा लांबवणे, ज्याने इजा होऊ शकेल अशा वस्तूंपासून दूर जाऊन माणसांत बसणे, यांचा उपयोग होतो. वेदनेची नक्कल करणारे जे उपाय समाजमाध्यमांवर फिरतात, ते मी सुचवत नाही. त्यांनी जुनी गाठ सुटत नाही.

ओढ वारंवार येऊ लागली, झोप उडाली किंवा आपण काही लपवून ठेवू लागलात, तर जुन्या समुपदेशकांची पुन्हा भेट घ्यावी. काही भेटींसाठी परत जाणे यात मागे जाणे काही नाही. मरणाचे विचार डोकावले तर मात्र भेटीच्या तारखेची वाट पाहू नये. केंद्र शासनाची 'टेलि-मानस' ही सेवा २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास विनामूल्य चालते आणि तेथे मराठीतही बोलता येते. जिवाला तातडीचा धोका वाटला तर ११२ वर फोन करावा किंवा जवळच्या रुग्णालयाचा आपत्कालीन विभाग गाठावा.

नेरूळहून एक पती
दुसऱ्या प्रश्नावर मी बोलू शकतो, कारण आमच्या घरी हे बोलणे झालेले आहे. पत्नीने प्रथम सांगितले तेव्हा मी घाबरून रोज तिचे हात न्याहाळू लागलो, आणि तिला घरात पहारा बसल्यासारखे झाले. तिने मला नंतर सांगितले, "ओढ वाटली म्हणजे मी काही करणार आहे असे नाही, त्या वेळी तू फक्त शेजारी बस आणि उपदेश करू नकोस." इतके नेमके काम मिळाल्यावर मलाही हायसे वाटले. म्हणून ओढीच्या ऐन भरात न सांगता, शांत वेळ पाहून सांगावे, आणि त्यांनी काय करावे हेही त्याच वेळी सांगावे, असे मला वाटते.

ऐरोलीकर
आपणा सर्वांची मी आभारी आहे. रविवारी सकाळी पतींशी बोलेन आणि समुपदेशक बाईंची वेळही घेतली आहे. एकच अडचण उरते: सासूबाई पुन्हा विचारतील, हे नक्की. त्यांना सगळे सांगण्याची माझी तयारी नाही.

मानसशास्त्रज्ञ, नौपाडा
सांगायलाच हवे असे मुळीच नाही. "आई, जुनी दुखापत आहे, आता त्रास नाही, मला त्यावर बोलायला नको वाटते" एवढे शांतपणे म्हणावे आणि पुढच्या कामाला लागावे. रविवारच्या बोलण्यात पतींनाही हे वाक्य सांगून ठेवावे, म्हणजे आपण घरात नसताना सासूबाईंनी त्यांना विचारले तर त्यांच्याकडूनही हेच उत्तर मिळेल.