‘रॉ-आयबी झोपल्या होत्या’ म्हणणाऱ्यांसाठी

साडेसातची फास्ट
काल सोसायटीच्या ग्रुपवर एक लांबलचक फॉरवर्ड आलं. सार एवढंच: २६/११ च्या मुंबई हल्ल्याला रॉ आणि आयबी या आपल्या गुप्तचर संस्था झोपल्या होत्या, आपल्याकडे इस्रायलची मोसाद असती तर कसाब कराचीतच संपला असता. खाली अंगठ्यांची रांग. मी चार ओळी लिहिल्या तर ‘राजकारण नको’ म्हणत अ‍ॅडमिन काकांनी उडवल्या. म्हणून इथे धागा काढला.

खबर नव्हती हेच मुळात खोटं आहे. समुद्रातून येतील, मोठ्या हॉटेलांवर येतील, असे इशारे २००६ पासून मुंबईत येत होते. ताजला सांगितलं होतं, तिथला बंदोबस्त वाढवलाही होता, मग सैल पडला. रतन टाटा हे स्वतः बोलले होते. हल्ल्याच्या आठवडाभर आधी संशयित जहाजाची खबर तटरक्षक दलापर्यंत गेली होती. टपाल वेळेवर पोचलं, कुणी फोडलं नाही, तर दोष पोस्टमनचा?

आणि मोसादवाल्यांनी ७ ऑक्टोबर २०२३ आठवावा. हमासचा हल्ल्याचा आराखडा वर्षभर आधीपासून इस्रायलच्या हातात होता, सीमेवरच्या कॅमेऱ्यांच्या पडद्यासमोर बसणाऱ्या लष्करातल्या मुली ओरडून सांगत होत्या. तरी सुमारे १,२०० माणसं गेली.

सुपारी कातरणी
बारीकशी दुरुस्ती. गाझा मोसादकडे नाही. ते अंतर्गत गुप्तचर संस्था शिन बेत आणि लष्कराची गुप्तचर शाखा अमान यांचं काम. बाकी चालू द्या.

साडेसातची फास्ट
धन्यवाद. फॉरवर्डवाल्याला हे कळवते, त्याची झोप उडेल.

त्रैराशिक
असहमत, आणि जरा सविस्तर.

‘समुद्रमार्गे हल्ला होऊ शकतो’ याला खबर म्हणत नाहीत, पंचांग म्हणतात. पावसाचा योग आहे, कुठे आणि कधी ते विचारू नका. दिवस नाही, माणसं नाहीत, उतरण्याची जागा नाही. असा कागद पाठवायचा आणि काही घडलं की ‘आम्ही कळवलं होतं’ म्हणून हात झटकायचे. हा काम केल्याचा पुरावा नव्हे, अंगावर येऊ नये म्हणून काढलेला जामीन आहे.

हल्ल्यासाठी मुंबईची टेहळणी करणारा डेव्हिड हेडली घ्या. २००६ ते २००८ या काळात मुंबईत ये-जा करत होता. ताडदेवला ऑफिस थाटलं, ताजमध्ये राहिला, बोटीत बसून उतरायच्या जागा पाहून गेला. आपल्याकडे कुणाला पत्ता नाही. ते सोडा, हल्ल्यानंतर मार्च २००९ मध्ये तो पुन्हा भारतात येऊन गेला! पकडला ऑक्टोबर २००९ मध्ये, तोही शिकागोत, अमेरिकनांनी. याला झोप नाही तर काय, योगनिद्रा म्हणायचं?

२६/११ च्या चौकशीसाठी बसलेल्या प्रधान समितीचा दाखला कुणी देण्याआधीच सांगतो. ती राज्याची समिती. दिल्लीच्या यंत्रणांच्या दप्तरात तिला हात घालता आला नाही. कारगिलनंतर सुब्रह्मण्यम समिती बसली, अमेरिकेत ९/११ नंतर आयोग बसला. २६/११ साठी देशपातळीवर तसं काहीच नाही. ज्याची झडती झाली तो चोर, ज्याची झालीच नाही तो साव.

साडेसातची फास्ट
शेवटचा मुद्दा मान्य. नाइलाजाने. पण हेडली अमेरिकेच्या अमली पदार्थविरोधी खात्याचा खबऱ्या होता. त्याच्या बायकांनी तिथल्या अधिकाऱ्यांकडे तक्रारी केल्या होत्या. त्यांनी आपल्याला किती सांगितलं?

त्रैराशिक
म्हणजे शेजारणीने सांगितलं नाही म्हणून आपल्या घरात कोण शिरलं ते आपल्याला कळू नये. बरं.

बिनतारी संदेश
तीस वर्षं पोलिसात काढली, बरीचशी वायरलेसवर. कुठे ते सांगत नाही. अलर्ट म्हणजे काय ते सांगतो.

गणपती, नवरात्र, दिवाळी, ६ डिसेंबर, २६ जानेवारी. प्रत्येकाच्या आधी चळत यायची. खाली ठरलेलं वाक्य: ‘योग्य ती दक्षता घ्यावी.’ मी आवक नोंदवहीत चढवायचो, साहेब कोपऱ्यात सही करायचे, तोच मजकूर खालच्या ठाण्यांना जायचा. तिथे हवालदार पुन्हा नोंद करायचा. शेवटी दक्षता घ्यायची कुणी? नाक्यावर बॅरिकेडपाशी उभ्या असलेल्या शिपायाने, सोळाव्या तासाला. त्यातला कोणता कागद खरा, हे ओळखायला ज्योतिषी नेमायला हवा होता.

त्या रात्री सीएसटीवर आमची माणसं जुन्या थ्री-नॉट-थ्री रायफली घेऊन एके-४७ समोर होती. गिरगाव चौपाटीवर कसाबला धरणाऱ्या ओंबळेंच्या हातात लाठी होती. टपाल फोडून वाचलं असतं तरी त्या लाठीची बंदूक झाली असती का, एवढं मॅडमनी सांगावं.

साडेसातची फास्ट
काका, मी शिपायांना बोलले नाही. वरच्यांना बोलले.

बिनतारी संदेश
वरच्यांना सगळेच बोलतात. चौकशी खालच्याची लागते.

वरळीचा नाखवा
आता माझं ऐका. दहा हल्लेखोर बधवार पार्कच्या कोळीवाड्यात उतरले तेव्हा त्यांना पहिल्यांदा हटकलं कुणी? रॉने नाही, आयबीने नाही. आमच्या लोकांनी. हे कोण, एवढं सामान कशाला? उलट उत्तर देऊन चालते झाले. ज्या ‘कुबेर’ बोटीवरून आले तिच्या तांडेलाला, म्हणजे कप्तानाला, मारलं, तोही मच्छीमारच.

मग बक्षीस काय? बायोमेट्रिक कार्ड आम्हाला, बोटीला ठरावीक रंग आम्हाला, टोकन आम्हाला. सकाळी चौकीवर जावं तर खुर्ची रिकामी, रजिस्टर उघडं, दोरीला बांधलेलं पेन. मीच माझ्या बोटीचा नंबर लिहितो, खलाशी किती ते लिहितो, निघतो. ही तुमची सागरी सुरक्षा. गस्तीची बोट जेटीला. विचारलं तर डिझेल नाही.

कोकणात प्लॉट आहे
नाखवा, भावना समजल्या. पण १९९३ ला मुंबईच्या बॉम्बस्फोटांचं आरडीएक्स कोकणात शेखाडीला उतरलं ते आकाशातून का? किनाऱ्यावरच्या लोकांना माहीत नसतं असं होत नाही.

वरळीचा नाखवा
तोंड सांभाळून. शेखाडीच्या मालासाठी दहशतवादविरोधी टाडा कोर्टात कस्टमचे साहेब दोषी ठरले, ते विसरलास? पगार घेऊन डोळे मिटणारा वेगळा आणि जाळं टाकणारा वेगळा. तू प्लॉट घेतलास तो सीआरझेडमध्ये, किनाऱ्यालगतच्या बांधकाम-निर्बंधाच्या पट्ट्यात, आहे का ते आधी बघ.

कोकणात प्लॉट आहे
वैयक्तिक होऊ नका. माझा प्लॉट कायदेशीर आहे.

सुपारी कातरणी
धाग्याने आत्ताच किनारा सोडला.

त्रैराशिक
उलट आत्ताच मुद्द्यावर आला. जुलै २०११ मध्ये ‘पवित’ नावाचं टँकर जहाज ओमानच्या समुद्रात सोडून दिलेलं वाहत वाहत येऊन थेट जुहूच्या वाळूत रुतलं. २६/११ ला तीन वर्षंही झाली नव्हती. नौदल, तटरक्षक, सागरी पोलिस अशी तीन कडी, आणि हजार टनांचं धूड चालत आल्यासारखं आलं. ऑगस्ट २०२२ मध्ये हरिहरेश्वरला एक नौका लागली, आत एके-४७. ती ऑस्ट्रेलियन बाईंची, घातपाताचा संबंध नाही, हे नंतर कळलं. पण समुद्राला तपास करून आणायची सवय नसते.

वरळीचा नाखवा
आणि त्याच समुद्रात रात्री एलईडी लावून मासे उपसणाऱ्या बोटी कुणाला दिसत नाहीत. बंदी आहे म्हणे. लग्नाच्या मांडवासारखा लखलखाट असतो. दिवे दिसत नाहीत त्यांना अंधारातली रबरी होडी दिसेल?

बिनतारी संदेश
एलईडीचा वेगळा धागा काढा की राव.

वरळीचा नाखवा
काढला होता. तीन प्रतिसाद आले, त्यातले दोन सुरमईचा भाव विचारणारे.

साडेसातची फास्ट
मी माझं वाक्य थोडं बदलते. पोस्टमनने टपाल आणलं. पण पाकिटावर पत्ता ‘मुंबई’ एवढाच होता.

त्रैराशिक
चला, इतके प्रतिसाद खर्चून अर्धी कबुली मिळाली. मीही अर्धी देतो: टपाल आलं होतं. मात्र वीस मीटरच्या आतल्या बोटींचं काय? मोठ्यांना बोट कुठे आहे ते कळवणारं एआयएस यंत्र लागलं, छोट्या बरीच वर्षं तशाच राहिल्या. आणि रबरी होडी त्याहून छोटी.

वरळीचा नाखवा
माझी बोट सोळा मीटर. कुठे आहे ते फक्त बायकोला माहीत असतं. पहाटे चारला निघतोय, रजिस्टरात कुठली बोट लिहू? आज तुमचंच नाव टाकतो, बघू कुणी वाचतं का.