चावीचा ग्रामोफोन : आतून दणके येतात, रेकॉर्ड मधातच मंदावते

दारव्हेकर
नमस्कार मंडळी. दारव्ह्याजवळ आमच्या गावी आबांचा एचएमव्ही १०२ आहे, पेटीचा. लय वर्षं कोठीच्या खोलीत पडून होता. चावी भरली की फिरतो, पण मधूनमधून आतून ‘धप्प’ असा दणका येतो, अन् भजनाची रेकॉर्ड अर्ध्यावर गेली की आवाज जाड होत होत थांबतो. पोळ्याला सारी भावकी जमते, तेव्हा आबांच्या रेकॉर्डी ऐकवायच्या आहेत. एक जण म्हणतो स्प्रिंगच बदला. खरंच गेली का?

घडीसाज_अचलपूर
दादा, स्प्रिंग तुटली असती तर चावी नुसती फिरत राहिली असती, भरलीच नसती. तुमची शाबूत हाय. आतलं ग्रीस वाळून डिंकासारखं झालं. वेटोळे एकमेकांना चिकटतात अन् जोर पडला की एकदम सुटतात, तोच तो दणका. बदलू नका, जुनं पोलाद चांगलं असते.

पण एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. स्प्रिंग भरलेली असताना गव्हर्नर काढायचा नाही. तीन वजनांचा तो छोटा दांडा साऱ्या मोटरला आवरून धरते. तो निघाला की चाकं सुसाट सुटतात, दाते झडतात, बोट मधात असलं तर बोटही जाते. म्हणून सुई वर ठेवून, ब्रेक सोडून थाळी आपोआप थांबेपर्यंत फिरू द्या. मंगच मोटर उतरवा. हरेक पायरीचा मोबाईलवर फोटो काढा.

ताण उतरला तरी ड्रमात, म्हणजे तिच्या गोल डब्यात, स्प्रिंग दाबूनच बसलेली असते. झाकण उघडल्यावर उसळी मारते. जाड हातमोजे, डोळ्यांवर चष्मा, ड्रम गोणपाटात गुंडाळलेला, अन् मधल्या टोकापासून एकेक वेटोळं बाहेर. रॉकेलने धुवा, नसलं तर डिझेलने, अन् कोरडी पुसा. मंग व्हॅसलिनमध्ये ग्राफाइट पावडर कालवून पातळ थर द्या. ट्रॅक्टरच्या चाकाचं घट्ट ग्रीस भरू नका, थंडीत पुन्हा तेच रडगाणं.

बाकी धुऱ्यांना शिलाई मशीनचं तेल. गव्हर्नरच्या चकतीवर टेकणारी गादी वाळली की वेग डगमगते, तिला थेंबभर.

हिंगणघाटची_ताई
काकाजींनी सारं नीट सांगितलं. एवढंच जोडते : या मोटरीत एकच स्प्रिंग असते, म्हणून दर बाजूला चावी भरा. १० इंची रेकॉर्ड जेमतेम ३ मिनिटांची असते. सुई पोलादी, अन् प्रत्येक बाजूला नवी. झिजलेली सुई लाखेच्या रेकॉर्डीची खाच खाऊन टाकते, अन् आबांच्या रेकॉर्डी पुन्हा कुठून आणणार? वेगासाठी रेकॉर्डखाली कागदाची चिठ्ठी खोसा, मिनिटात ७८ फेरे भरले पाहिजेत.

दारव्हेकर
काकाजी, उघडलं. ग्रीस काळंकुट्ट झालेलं. पण स्प्रिंगचं बाहेरचं टोक, जिथं भोक ड्रमच्या खुंटीत अडकते, तिथं चीर गेली आहे. आता?

घडीसाज_अचलपूर
मधात चीर असती तर नवीनच आणावी लागली असती. टोकाला असली तर काम होते. चिरलेला तुकडा कापा. फक्त शेवटचा इंचभर भाग लालभडक तापवा अन् हवेतच हळूहळू गार होऊ द्या, पाण्यात बुडवू नका. तेवढा मऊ झाला की जुन्या भोकाच्या मापाचं नवं भोक पाडा अन् कडा कानशीने गोल करा. तापवताना बाकीच्या वेटोळ्यांवर ओलं फडकं गुंडाळा. त्यांचं पाणी, म्हणजे पोलादाचा कडकपणा, उतरलं तर स्प्रिंग कामातून गेली. बसवताना आधी हे टोक खुंटीत, मंग वेटोळे आत.