म्हातारा संशयी की संशयास्पद?

तळओळ
एका गुन्हेमालिकेच्या भागाचे मराठी सबटायटल अडलेत. भरल्या घरातला म्हातारा. घड्याळ सापडत नाही, किल्ली सापडत नाही. तो वहीत तारीख-वेळ टिपून ठेवतो आणि सुनेवर आळ घेतो. घरचे म्हणतात, वय झालं. मग घरात एक मृत्यू होतो. हवालदाराच्या टिपणवहीत एवढीच नोंद दिसते: ‘ओल्ड मॅन सस्पिशस’. आपण वाचतो, म्हातारा संशयास्पद आहे. 40 मिनिटांनी तेच पान पुन्हा दिसतं तेव्हा कळतं, हवालदाराला म्हणायचं होतं की म्हाताऱ्यालाच कुणाचा तरी संशय आहे. अख्खा भाग या शब्दावर तोललेला.

‘संशयास्पद’ लिहिलं तर शेवट खोटा पडतो, ‘संशयी’ लिहिलं तर सुरुवातीलाच बिंग फुटतं. पान पडद्यावर जेमतेम दीड सेकंद. इंग्रजीत अशी लिखित नोंद मोठ्या लिपीत देऊन संवादापासून वेगळी काढतात. देवनागरीत ती सोय नाही, आणि तिरकी अक्षरं लहान पडद्यावर वाचवत नाहीत. दोन्ही अर्थ पोटात घेणारा शब्द हवाय.

निरुक्त
‘संशयित’. वर्तमानपत्रांनी त्याला ‘ज्याच्यावर संशय आहे तो’ एवढ्यावर आणून बसवलंय, पण संस्कृतात तो दोन्हीकडे चालतो. मूळ धातू शी, म्हणजे निजणे. संशय म्हणजे मनाने या कुशीवरून त्या कुशीवर होणं, असं मी आपलं समजतो. पाणिनीच्या 3.4.72 या सूत्रात अशा धातूंची यादी आहे, ज्यांना क्त प्रत्यय (‘शयित’मधला शेवटचा ‘त’) कर्त्याच्या अर्थानेही लागतो. शी त्यात आहे. म्हणून ‘शयित’ म्हणजे निजलेला, आणि ‘संशयित’ म्हणजे ज्याला संशय आहे तोही. त्याच यादीत म्हातारं होणे या अर्थाचा जॄ धातूही आहे, ‘जीर्ण’ तिथलाच. म्हातारपण आणि संशय एकाच सूत्रात नांदतायत, अजून काय हवं?

आडवाट
नांदू देत. पण प्रेक्षकाकडे दीड सेकंद आहे. ‘संशयित ताब्यात’ हे रोज वाचणाऱ्याला एकच अर्थ लागणार. शब्दाचा अर्थ लोक ठरवतात, सूत्र नाही.

निरुक्त
लोक ‘संशयित आरोपी’सुद्धा लिहितात. तेही मान्य करायचं का?

औषधपेटी
शब्दाआधी म्हाताऱ्याला झालंय काय ते ठरवा, कारण पुढचे सगळे संवाद त्यावर आहेत. स्मृतिभ्रंशात चोरीचा आळ अगदी नेहमीचा. माणूस वस्तू जपून ठेवतो, ठेवल्याचंच विसरतो, आणि रिकामी जागा दिसली की मन कारण शोधतं. सगळ्यात जवळ वावरणारं माणूस म्हणजे जी व्यक्ती सेवा करते तीच, आळ तिच्यावर. याला ‘भास’ म्हणू नका. भास म्हणजे नसलेलं दिसणं, ऐकू येणं. इथे घड्याळ जागेवर नाही हे खरंच आहे, चुकलाय तो निष्कर्ष. आलोइस अल्झायमरने 1906 मध्ये जी रुग्ण मांडली, तिचंही पहिलं ठळक लक्षण विसरणं नव्हतं, नवऱ्यावरचा संशय होता. 1901 मध्ये दाखल झाली तेव्हा ती 51 वर्षांची होती. म्हणजे ‘वय झालं’ हे उत्तर तिथेही पुरलं नसतं.

दुसरी शक्यता: गोळ्या कुणी बदलल्यात का? झोपेच्या आणि ॲलर्जीच्या काही जुन्या गोळ्या, उदा. डायफेनहायड्रामिन, म्हाताऱ्या माणसाला भ्रमिष्ट करू शकतात. तो घोळ तासा-दिवसांत उभा राहतो, दिवसभरात कमीजास्त होतो, संध्याकाळी वाढतो. लघवीच्या जंतुसंसर्गातही असंच होतं. स्मृतिभ्रंश मात्र महिने-वर्षं घेत येतो. अचानक उठणाऱ्या घोळासाठी आपल्याकडे नेमका शब्द आहे: ‘वात झालाय’.

तळओळ
गोळ्याच बदलल्यात. आणि संवादात सून म्हणते, कालपासून काहीही बरळतोय.

औषधपेटी
मग ‘कालपासून’ गाळू नका, जागा कमी पडली तरी. तोच पुरावा आहे. सबटायटल आखडताना पहिली कात्री कालवाचकावरच पडते, आणि इथे तिथेच घात होईल.

खलबत्ता
विशेषणाच्या मागे का लागलात? नाम घ्या, षष्ठी लावा: ‘म्हाताऱ्याचा संशय’. ‘मला म्हाताऱ्याचा संशय येतो’ म्हटलं तर संशय त्याच्यावर. ‘म्हाताऱ्याचा संशय खरा निघाला’ म्हटलं तर संशय त्याचा. काना, अनुस्वार, हलन्त असं सगळं सुटं मोजणाऱ्या सॉफ्टवेअरमध्येही हे 17 भरतं. मूळ इंग्रजी 18 आहे. फक्त क्रियापद चिकटवू नका. आणि पुढच्या संवादांत येणे-घेणे सांभाळा. घरचे म्हणतील ‘संशय घेतात’. म्हातारा स्वतः म्हणेल ‘मला संशय येतोय’. घेतो तो दोषी, ज्याला येतो तो बिचारा. ही अदलाबदल झाली तर म्हातारा स्वतःच्याच तोंडाने घरच्यांची बाजू मांडेल.

आडवाट
झकास. पण हवालदार ‘म्हातारा’ लिहील? ‘वयोवृद्ध इसम’ लिहील.

निरुक्त
‘म्हातारा’ मुळात अपमानकारक नाहीच. महत्तर, महातर, म्हातारा. थोर तो म्हातारा.

आडवाट
महत्तर असेल तेव्हाचा. आज घरातल्या माणसाला तोंडावर ‘म्हातारा’ म्हणून बघा. आणि ज्यांना हे नकोय त्यांचे ‘ज्येष्ठ’ तर वयापेक्षा हुद्दा सांगतात.

तळओळ
नोंदीचं मिटल्यासारखं वाटतंय. आता सुनेचा एक टोमणा. ‘म्हातारचळ लागलाय’ चालेल?

औषधपेटी
मुळीच नाही. म्हातारचळ म्हणजे उतारवयात बायकांच्या मागे लागणं. प्रेक्षक भलत्याच दिशेने तपास करेल.

खलबत्ता
तो अर्थ नंतर आक्रसलेला. चळ म्हणजे डोकं जागेवर नसणं. ‘डोकं चळलंय’ म्हणतोच की. उतारवयातला कुठलाही विक्षिप्तपणा म्हणजे म्हातारचळ. संशयसुद्धा.

औषधपेटी
मग तिथे ‘साठी बुद्धी नाठी’ घाला.

निरुक्त
नष्टचं प्राकृत नट्ठ, त्यातून नाठी. म्हणजे गेलेली, हरवलेली. ‘नाठाळ’ त्याच घरातला असावा.

खलबत्ता
नाठाळाचा याच्याशी काय संबंध? नाठाळ बैलाची बुद्धी चांगली शाबूत असते, म्हणूनच तो नाठाळ.

तळओळ
टोमणा सव्वा सेकंदाचा आहे.

निरुक्त
आळ हा प्रत्यय मराठीत कुठे कुठे लागतो ते आधी बघा: केसाळ, मायाळू, लडिवाळ…

आडवाट
मायाळूत आळू आहे, आळ नाही. लडिवाळ तर वेगळंच प्रकरण.