साल्तिकोव : एक आडनाव आणि इतकी माणसं. सगळे एकाच घराण्यातले का?

कृष्णाकाठ (प्रश्न)

अठराव्या शतकातल्या रशियाबद्दल काहीही वाचायला घेतलं की साल्तिकोव हे आडनाव भेटतंच. प्रशियाच्या फ्रेडरिकला हरवणारा सेनापती साल्तिकोव. कॅथरीनचा प्रियकर साल्तिकोव. भूदासांचा छळ करून जीव घेणारी जमीनदारीण साल्तिकोवा. पुढच्या शतकात साल्तिकोव-श्चेद्रिन हा लेखक, आणि 1840 च्या दशकात हिंदुस्थानात हिंडून चित्रं काढणारा आणखी एक साल्तिकोव.

हे सगळे एकाच घराण्यातले आहेत का? पुस्तकात नुसतं ‘फील्डमार्शल साल्तिकोव’ आलं तर तो कोणता हे कसं ओळखायचं? आणि देवनागरीत हे नाव नेमकं कसं लिहावं? साल्टिकोव्ह, साल्तीकोफ, सोल्तिकॉफ अशी तीन-चार रूपं दिसतात.

---

जुनीपानं

तुम्ही घेतलेल्या पाचांपैकी चौघं एकाच जुन्या बोयार (म्हणजे रशियन सरदार) कुळातली आहेत. जमीनदारीण तेवढी त्या घरात लग्न होऊन आलेली.

आधी आडनाव कसं झालं ते बघा, म्हणजे पुढचं सोपं जाईल. पंधराव्या शतकात मोरोझोव कुळात मिखाईल इग्नात्येविच नावाचा बोयार होता, त्याचं टोपणनाव ‘साल्तिक’. रशियन ‘-ओव’ म्हणजे आपला ‘चा’. साल्तिकोव म्हणजे साल्तिकचा, साल्तिकोवा म्हणजे साल्तिकची, अनेकवचनी साल्तिकोवी म्हणजे साल्तिकचे. जुन्या रशियनमध्ये ‘साल्तिक’ या शब्दाला ढब, धाटणी असा अर्थही होता. ‘आपल्या साल्तिकने करणं’ म्हणजे आपल्याच पद्धतीने करणं. मात्र टोपणनाव म्हणून तो शब्द एकाहून जास्त लोकांना चिकटला होता. 1483 मध्ये उरल ओलांडून ओब नदीपर्यंत मोहीम नेणारा इव्हान साल्तिक-त्राविन हा वेगळ्या घराण्यातला. वंशवेल काढताना त्याला या झाडावर बसवण्याची चूक बरेच जण करतात.

आता माणूस ओळखण्याबद्दल. आडनावावर अजिबात विसंबू नका, मधलं नाव बघा. रशियन माणसाचं मधलं नाव वडिलांचं असतं, आपल्यासारखंच. पण मराठी वाचक नेमका इथेच फसतो. आपल्याकडे लग्नानंतर बाईच्या मधल्या नावात नवऱ्याचं नाव येतं, रशियात जन्मभर वडिलांचंच राहतं. दार्या निकोलायेव्हना साल्तिकोवा हिच्या नावातला निकोलाय तिचा बाप. नवऱ्याचं नाव होतं ग्लेब. म्हणजे रशियन बाईच्या पूर्ण नावात पहिली दोन नावं माहेरची आणि आडनाव सासरचं.

‘फील्डमार्शल साल्तिकोव’ तीन झाले, आणि घोळ मुख्यतः त्यांचाच होतो. प्योत्र सेम्योनोविच हा सप्तवार्षिक युद्धातला. 12 ऑगस्ट 1759 रोजी कुनर्सडॉर्फला (आता पोलंडमधलं कुनोविचे) त्याने लाउडोनच्या ऑस्ट्रियन फौजेसह फ्रेडरिकचा असा धुव्वा उडवला की 48,000 पैकी 3,000 माणसंही हाताशी उरली नाहीत, असं खुद्द फ्रेडरिकने लिहिलं. त्याचा मुलगा इव्हान प्योत्रोविच (जन्म 1730) हा दुसरा. तिसरा निकोलाय इव्हानोविच (जन्म 1736), कॅथरीनच्या नातवांचा, म्हणजे पुढे झार झालेल्या अलेक्झांडरचा आणि त्याच्या भावाचा पालक-शिक्षक. इव्हान आणि निकोलाय दोघांनाही फील्डमार्शलपद कॅथरीनचा मुलगा झार पावेल याने 1796 मध्येच दिलं, त्यामुळे सालावरून ते वेगळे होत नाहीत. त्यात निकोलायचं मधलं नाव इव्हानोविच, म्हणून तो इव्हान प्योत्रोविचचा मुलगा अशी समजूत होते. दोघांच्या जन्मात सहाच वर्षांचं अंतर आहे! त्याचा बाप वेगळा इव्हान.

‘मॉस्कोचा कारभारी साल्तिकोव’ असं आलं तर आणखी सावध राहा. सेम्योन आंद्रेयेविच, त्याचा मुलगा प्योत्र, नातू इव्हान, तिघांनीही वेगवेगळ्या काळात मॉस्को सांभाळलं. साल 1730 च्या दशकातलं असेल तर सेम्योन. 1771 ची प्लेगची साथ आणि दंगल असेल तर प्योत्र. 1797 ते 1804 असेल तर इव्हान. प्लेगच्या वेळी प्योत्र शहर सोडून आपल्या मार्फिनोच्या वाड्यावर निघून गेला, मागे जमावाने आर्चबिशप अम्व्रोसीला ठार मारलं आणि कॅथरीनने याला पदावरून दूर केलं. कुनर्सडॉर्फचा विजेता तो हाच.

पदवीवरून शाखाही कळते. सेम्योनला सम्राज्ञी अ‍ॅना इव्हानोव्हनाच्या काळात काउंट केलं. तो तिचा आजोळकडचा नातलग. अ‍ॅनाची आई प्रास्कोव्या फ्योदरोव्हना ही साल्तिकोवांची मुलगी, 1684 मध्ये पाचव्या इव्हान झारला दिलेली. (तिच्या बापाचं नाव काही ठिकाणी अलेक्सांद्र, काही ठिकाणी फ्योदर असं सापडतं; माणूस एकच.) निकोलाय इव्हानोविच 1790 मध्ये काउंट आणि 1814 मध्ये प्रिन्स झाला. रशियात पदवी फक्त थोरल्याकडे जात नाही, सगळ्या मुलामुलींना मिळते, म्हणून ‘प्रिन्स साल्तिकोव’ दिसला आणि साल 1814 नंतरचं असलं की तो निकोलायच्या वंशातला. नुसतं साल्तिकोव असेल, पदवी काहीच नाही, तर बाकीच्या शाखांमधला. लेखक श्चेद्रिन अशा बिनपदवीच्या शाखेतला.

---

बारीकटाईप

वरच्या उत्तरात एक भर घालतो, कारण हल्ली रशियन पानं यंत्राने भाषांतरित करून वाचली जातात आणि त्यात पुरुषांच्या बायका होतात.

‘साल्तिकोवा’ हे रूप दोन ठिकाणी येतं. एक, स्त्रीचं आडनाव. दुसरं, पुरुषाच्या आडनावाची षष्ठी. चित्राखाली रशियनमध्ये ‘पोर्त्रेत एन. आय. साल्तिकोवा’ लिहिलेलं असेल तर त्याचा अर्थ ‘एन. आय. साल्तिकोव याचं व्यक्तिचित्र’. स्त्री असती तर षष्ठीत ‘साल्तिकोवोय’ झालं असतं. यंत्र ‘साल्तिकोवा’ तसंच उचलतं आणि निकोलाय इव्हानोविचची बाई होऊन बसते. म्हणून ‘चित्र’, ‘घर’, ‘पत्रं’ यांच्या पुढे आलेलं ‘-ओवा’ आधी पुरुषाची षष्ठी समजून तपासा.

देवनागरीबद्दल. रशियन ‘त’ दंत्य आहे, तेव्हा ‘ट’ नको. तो इंग्रजी वाचून आला. ‘त’ नंतरचा स्वर आपल्याकडे नाही. जीभ मागे ओढून म्हटलेला ‘इ’ असा तो ऐकू येतो. मराठीत ऱ्हस्व ‘ति’ पुरे. जोर शेवटच्या अक्षरावर, आणि शेवटचा ‘व’ उच्चारात ‘फ’ होतो. तरीही लिहिताना ‘व’ ठेवावा असं माझं ठाम मत आहे, कारण साल्तिकोवा, साल्तिकोवी या रूपांत तो परत ‘व’च होतो. साल्तिकोफ लिहिलंत तर त्याच घरातली बाई साल्तिकोवा का, हे वाचकाला कळणार नाही. ‘व्ह’ लिहायची सवय मराठीत आहेच, तीही चालेल, फक्त एका लेखात एकच ठेवा.

‘सोल्तिकॉफ’ हे फ्रेंच लेखन. एकोणिसाव्या शतकात पॅरिसमध्ये राहिलेल्या दोन भावांसाठी तेच शोधावं लागतं. त्यातला प्योत्र दमित्रियेविच मध्ययुगीन वस्तूंचा संग्राहक. त्याच्या संग्रहाचा 1861 मध्ये पॅरिसला लिलाव झाला आणि बाराव्या शतकाच्या सुरुवातीचा ग्लॉस्टरचा प्रसिद्ध मेणबत्तीदान लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमकडे गेला. तिथल्या नोंदीत साल्तिकोव शोधलंत तर हाती काही लागणार नाही.

तारखा जुळवताना कॅलेंडर बघा. रशियन जुनी तारीख आजच्या कॅलेंडरपेक्षा अठराव्या शतकात 11 दिवस मागे, एकोणिसाव्यात 12, आणि 1900 पासून 1918 पर्यंत 13. कुनर्सडॉर्फ रशियन कागदांत 1 ऑगस्टला आहे. श्चेद्रिनचा जन्म 15 जानेवारी 1826 आणि 27 जानेवारी 1826, दोन्ही बरोबर.

---

कंदील

दार्याबद्दल थोडं लिहिते, कारण आडनावाच्या धाग्यात तिचा खटला सगळ्यात महत्त्वाचा आहे असं मला वाटतं.

दार्या निकोलायेव्हना, जन्म 1730, माहेरची इव्हानोवा. नवरा ग्लेब अलेक्सेयेविच साल्तिकोव घोडदळाच्या गार्ड पलटणीत कॅप्टन. तो लवकर वारला आणि सुमारे 600 भूदासांची मालकी तिच्याकडे आली. फरशी नीट पुसली नाही, कपडे नीट धुतले नाहीत एवढ्यावरून ती मोलकरणींना लाकडाच्या ओंडक्याने मारायची, उकळतं पाणी ओतायची. तक्रारी वर्षानुवर्षं होत होत्या, पण भूदासाने मालकाविरुद्ध तक्रार केली की तक्रार करणाऱ्यालाच फटके आणि परत त्याच मालकिणीच्या ताब्यात. शिवाय मोठं आडनाव आणि वर पैसे चारणं. 1762 मध्ये सावेली मार्तिनोव आणि येर्मोलाय इल्यिन हे दोघं पळून जाऊन नव्यानेच गादीवर आलेल्या कॅथरीनपर्यंत अर्ज पोहोचवू शकले. इल्यिनच्या तीन बायका एकापाठोपाठ तिच्या हातून मेल्या होत्या. चौकशी सहा वर्षं चालली. आरोप शंभराहून अधिक मृत्यूंचे होते. त्यातले 38 सिद्ध धरले.

ऑक्टोबर 1768 च्या शिक्षेत पहिलं कलम आडनावाचं आहे. सरदारकी काढून घेतली, आणि यापुढे हिला बापाच्या किंवा नवऱ्याच्या कुळाच्या नावाने ओळखायचं नाही असा हुकूम झाला. इव्हानोवाही नाही, साल्तिकोवाही नाही. मग लाल चौकात खांबाला बांधून तासभर उभं केलं, गळ्यात ‘छळ करणारी आणि जीव घेणारी’ अशी पाटी. त्यानंतर मॉस्कोच्या इव्हानोव्स्की मठात जमिनीखालच्या कोठडीत 11 वर्षं. उजेड फक्त जेवणाच्या वेळी, जेवणाबरोबर मेणबत्ती आणायची आणि जेवण झालं की विझवायची. 1779 मध्ये दगडी खोलीत हलवलं, तिथेच 1801 मध्ये ती मेली.

साल्तिकोव कुळाला कलंक नको म्हणून नाव काढलं, पण लोकांनी तिला ‘साल्तिचिखा’ म्हणणं सोडलं नाही. ‘-इखा’ हा बोलीतला प्रत्यय, अमक्याची बायको या अर्थाचा. तेव्हा तुम्ही लिहिताना ‘साल्तिकोव घराण्यातली सून’ असं लिहा, ‘साल्तिकोव घराण्याची कन्या’ नको. रक्ताने ती या कुळातली नाही.

---

कृष्णाकाठ

फार उपयोग झाला, सगळ्यांचे आभार. कॅथरीनच्या प्रियकराचं आणि श्चेद्रिनचं राहिलं. आणि हिंदुस्थानात आलेला तो कोण?

---

जुनीपानं

प्रियकर म्हणजे सेर्गेय वासिल्येविच. पावेलचा जन्म 1 ऑक्टोबर 1754 चा, आणि तो मुलगा सेर्गेयचा असावा असं कॅथरीनच्या आठवणींतून सूचित होतं. निर्णायक पुरावा कुठल्याच बाजूला नाही, तेव्हा ‘पावेल खरा साल्तिकोवच’ असं ठोकून लिहू नका. जन्माची बातमी स्वीडनला पोहोचवायची कामगिरी देऊन त्याला दरबारातून बाहेर काढलं, हे मात्र नक्की.

श्चेद्रिनचं पाळण्यातलं नाव मिखाईल येव्ग्राफोविच साल्तिकोव. श्चेद्रिन हे टोपणनाव, 1856 पासूनच्या ‘गुबेर्नियातल्या (म्हणजे प्रांतातल्या) टिपणां’साठी घेतलेलं. तो सरकारी नोकर होता, पुढे र्‍याझान आणि त्वेरचा उप-गव्हर्नर झाला. कागदोपत्री साल्तिकोव आणि मासिकात एन. श्चेद्रिन. जोडनाव म्हणून दोन्ही एकत्र लिहिण्याची रीत रूढ झाली. म्हणून ग्रंथालयात दोन्हीकडे शोधा. रशियन वर्णमालेत या दोन नावांची आद्याक्षरं एकमेकांपासून लांब आहेत, एक कप्पा पाहून ‘नाही’ म्हणू नका. लेनिनग्राडच्या सार्वजनिक ग्रंथालयाला 1932 ते 1992 याच जोडनावाने ओळखत, त्यामुळे जुन्या सोव्हिएत पुस्तकावर त्याचं नाव शिक्क्यात दिसलं तर तो लेखक असेलच असं नाही, पुस्तक त्या ग्रंथालयाचं असू शकतं.

हिंदुस्थानात आलेला तो प्रिन्स अलेक्सेय दमित्रियेविच (1806-1859). मधल्या नावावरून बाप दमित्री, आणि दमित्री हा निकोलाय इव्हानोविचचा मुलगा. म्हणजे झारच्या शिक्षकाचा हा नातू, आणि बारीकटाईप यांनी सांगितलेल्या संग्राहक प्योत्रचा भाऊ. कॉन्स्टँटिनोपल, लंडन, तेहरान अशा ठिकाणी वकिलातीत काम करून त्याने नोकरी सोडली. 1841 मध्ये मुंबईला आला, 1843 पर्यंत फिरला, नंतर पुन्हा येऊन 1846 पर्यंत राहिला. लाहोरला महाराजा शेरसिंगच्या दरबारात गेला. पत्रं त्याने फ्रेंचमध्ये लिहिली. ती पॅरिसला 1848 मध्ये आणि रशियन भाषांतर मॉस्कोला 1851 मध्ये निघालं. मुंबईची पानं शोधायची असतील तर फ्रेंच आवृत्ती घ्या, आणि शोधताना आडनाव सोल्तिकॉफ असंच टाका. रशियात तोवर लोक त्याला ‘इंडियन’ म्हणू लागले होते, तेव्हा रशियन लेखात ‘साल्तिकोव-इंडियन’ असं दिसलं तर ते श्चेद्रिनसारखं जोडनाव समजू नका.