फ्रीलान्सरने कराचा हिशेब स्वतः पाहावा की सीएवर सोडावा?

टाकबोरू:
मी पुण्यात घरी बसून अनुवादाची कामे घेतो. विवरणपत्र सीएने भरले तरी दर तिमाहीचा हिशेब ज्याचा त्यानेच तपासला पाहिजे, असे माझे मत अनुभवाने झाले आहे. एका प्रकाशनसंस्थेने ६०,००० रुपयांच्या बिलातून १० टक्के टीडीएस (पैसे देतानाच कापून सरकारकडे भरायचा कर) कापून ५४,००० रुपये माझ्या खात्यात जमा केले, पण कापलेले ६,००० रुपये फॉर्म २६एएसमध्ये, म्हणजे आपल्या पॅनवर जमा झालेला कर दाखवणाऱ्या उताऱ्यात, दिसेनात, कारण पॅनमधल्या दोन अंकांची अदलाबदल होऊन ती रक्कम भलत्याच माणसाच्या नावे गेली होती. हे मला कळले थेट जुलैत, आणि तोवर तिथले लेखापाल नोकरी सोडून गेले होते. दुरुस्ती कापणाऱ्यानेच करायची असते. आपल्या हाती उरते ते फोन करत राहणे.

मुद्दल:
तुम्हाला झालेला मनस्ताप समजतो, परंतु त्यावरून काढलेला निष्कर्ष मला मान्य नाही. दाढ दुखली म्हणून आपण आरशात पाहून ती स्वतः उपटत नाही. अंदाजे उत्पन्न दाखवण्याची तरतूद (१९६१च्या प्राप्तिकर कायद्यातले कलम ४४एडीए) याच कटकटीतून सुटका व्हावी म्हणून आहे : वर्षाची जमा ५० लाखांच्या (रोखीची जमा पाच टक्क्यांपर्यंतच असेल तर ७५ लाखांच्या) आत असेल, तर निम्मी रक्कम उत्पन्न म्हणून दाखवायची, खर्चाच्या पावत्या जपायच्या नाहीत, आणि आगाऊ करही चार हप्त्यांऐवजी १५ मार्चपर्यंत एकदाच भरायचा. एवढ्यासाठी महिन्याचे दोन दिवस आकडेमोडीत घालवण्यापेक्षा तेवढ्या वेळात चार पाने अधिक अनुवाद होतील.

ओटीवरून:
मुद्दल यांनी सवलत बरोबर सांगितली, पण ती कोणाला मिळते हे सांगितले नाही. हे कलम सरसकट सगळ्या फ्रीलान्सरांसाठी नसून वकील, डॉक्टर, अभियंते, वास्तुविशारद, लेखापाल, तांत्रिक सल्लागार अशा ठरावीक व्यवसायांसाठी आहे. चित्रपटाचे संवाद लिहिणारा त्या यादीत बसतो, पुस्तकाचा अनुवादक मात्र तिथे नावानिशी कुठेच नाही. त्यामुळे सीएने घाईत कोणता व्यवसाय-संकेतांक (विवरणपत्रात आपला व्यवसाय दाखवणारा क्रमांक) टाकला हे न पाहता मान्यता देणारा माणूस सुटत नाही, कारण नोटीस आली तर ती सीएच्या नव्हे, आपल्या नावे येते.

टाकबोरू:
नेमके हेच म्हणायचे होते. शिवाय यादीबाहेरच्या माणसाला हप्ते चुकले की दरमहा एक टक्का व्याज बसते, ते वेगळेच.

मुद्दल:
यादीचा मुद्दा मान्य. पण तो चांगला सीए निवडण्याच्या बाजूने जातो, स्वतः कायदा वाचत बसण्याच्या नव्हे. सामान्य माणसाने संकेतांकांची जंत्री पाठ करावी ही अपेक्षाच मला अवाजवी वाटते.

ओटीवरून:
पाठ करू नका, विचारा. तुमच्या गेल्या वर्षीच्या विवरणपत्रात कोणता संकेतांक आहे?

मुद्दल:
आत्ताच सीएंना फोन केला होता. 'फाइल काढून संध्याकाळी सांगतो' म्हणाले.